नामानिराळा मालक : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाविषयीचे मराठी लेखन आणि आर्थिक गोपनीयतेचा प्रश्न

प्रस्तावना

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून या वनप्रदेशाविषयी मराठीत कादंबरी, आत्मकथन, वार्तांकन आणि सामाजिक अभ्यास अशा विविध प्रकारांत विपुल लेखन झाले आहे. जंगल, आदिवासी समाज, नक्षलवाद, खाणी आणि विस्थापन हे या लेखनाचे नित्याचे विषय होत. यांतील उत्तम लेखनाने मराठी वाचकाची जाणीव निश्चितच रुंदावली. तथापि या सर्व लेखनातून एक पात्र जवळजवळ पूर्णतः गैरहजर आहे. येथील बांबू, कोळसा, लोहखनिज आणि वीज यांच्या व्यवहारातील अंतिम मालक, म्हणजे ज्याच्या हाती शेवटचा नफा पोहोचतो ती व्यक्ती अथवा संस्था, हे ते पात्र होय.

मराठीत 'नामानिराळा राहणे' असा एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. कृत्याचा लाभ घ्यावा, परंतु त्या कृत्याशी आपले नाव जोडले जाऊ नये, अशी तजवीज करणे, असा त्याचा आशय. परदेशी बँकखाती, होल्डिंग कंपन्या, न्यास व मध्यस्थ कंपन्या यांच्या आधारे उभी राहिलेली आधुनिक आर्थिक गोपनीयता ही या वाक्प्रचाराची संस्थात्मक आवृत्ती आहे, असे म्हणता येईल. या गोपनीयतेचा वनजिल्ह्यांच्या अर्थकारणाशी संबंध कोणता, आपल्या लेखनाने तो का टिपला नाही, आणि गोपनीयतेच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद कितपत ग्राह्य मानावा, या तीन प्रश्नांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चेहरा असलेला शोषक

विलास मनोहर यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी या प्रदेशाविषयीच्या मराठी लेखनातील महत्त्वाची कृती होय. हेमलकसा येथील लोक बिरादरी प्रकल्पातील दीर्घ वास्तव्याचे पाठबळ या लेखनास आहे. माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोहोचतो याचा कार्यकारणभाव ती दाखविते आणि तो दाखविताना ठेकेदार, व्यापारी, वनखात्याचा व पोलिसांचा शिपाई यांच्याकडून होणाऱ्या नागवणुकीवर भर देते. येथे शोषकाला चेहरा आहे. तो गावात येतो, तराजूत मारतो, शिवी देतो. वाचकाचा संताप नेमक्या माणसावर केंद्रित होऊ शकतो.

हे चित्रण सत्य आहे व त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या बांबूवर ठेकेदार उभा होता तो बांबू पुढे कारखान्यात जात होता आणि कारखाना एका कंपनीचा होता. त्या कंपनीची मालकी कोठे होती, हा प्रश्न कादंबरीच्या दृष्टिक्षेपात येत नाही. कादंबरीचा दृष्टिकोन माडिया माणसाचा आहे व त्याला ठेकेदारापलीकडचे दिसत नव्हते, असे याचे समर्थन करता येईल. ते कलादृष्ट्या योग्यही आहे. मात्र कादंबरीकाराची ही मर्यादा पुढे समीक्षकांनी व अभ्यासकांनीही जशीच्या तशी स्वीकारली, हे खटकते. ठेकेदार हा शोषणव्यवस्थेचा शेवटचा, म्हणजे जंगलाच्या बाजूचा टोकाचा दुवा होता. आपण त्यालाच संपूर्ण व्यवस्था मानले.

मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२) हे पुस्तक वेगळ्या वाटेने जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची, अभ्यासगटात विचार करण्याची आणि जंगल राखण्याची जी रीत घडविली, तिचा वृत्तान्त त्यात आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. बोकील यांनी गावाला दयेचा विषय न करता विचार करणारा कर्ता म्हणून पाहिले, हे त्यांच्या लेखनाचे मोठे यश आहे. मात्र विषय गाव हा असल्यामुळे बांबू गावाच्या वेशीबाहेर पडल्यानंतरची मालकीची रचना त्यांच्या चौकटीत येत नाही. मेंढ्याच्या गोष्टीचा हा दुसरा भाग कोणी लिहावयास हवा होता. तो साहित्याच्या अभ्यासकांनी लिहिला नाही आणि वाणिज्याच्या अभ्यासकांनीही नाही.

बल्लारपूर ते नेदरलँड्स

ती दुसरी गोष्ट थोडक्यात अशी. १९४५ मध्ये वर्धा नदीकाठी बल्लारपूर येथे कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. १९७५ मध्ये तिचे नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज लिमिटेड असे झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू हा या कारखान्याचा आधार होता व शासनाने दीर्घ मुदतीच्या कराराने तो उपलब्ध करून दिला होता. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात आष्टी येथेही कंपनीचा कारखाना होता. म्हणजे कच्चा माल, मजूर आणि पाणी या जिल्ह्यांचे, नावही येथील गावाचे.

२००७ च्या सुमारास या समूहाची पुनर्रचना झाली. नेदरलँड्समध्ये बल्लारपूरचेच नाव धारण करणाऱ्या होल्डिंग कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी मलेशियातील साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज ही कंपनी सुमारे २६ कोटी १० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेण्यात आली व ती याच डच साखळीत बसविण्यात आली. बल्लारपूर, भिगवण व आष्टी येथील कारखाने ज्या भारतीय उपकंपनीकडे गेले, तिची मालकीही याच साखळीतून जात होती. म्हणजे बल्लारपूरच्या कारखान्याकडून बल्लारपूरच्याच मूळ कंपनीपर्यंत जाणारा मालकीचा मार्ग नेदरलँड्सवरून वळसा घेऊन जाऊ लागला. पुढे समूह कर्जाच्या ओझ्याखाली आला आणि २०२० मध्ये मूळ कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे नमूद करणे आवश्यक आहे. या रचनेत बेकायदेशीर काही होते असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती, तिचे प्रवर्तक सर्वज्ञात होते आणि उपकंपन्यांची नावे वार्षिक अहवालात छापली जात. उपकंपनीकडून येणाऱ्या लाभांशावर व भांडवली नफ्यावर डच कायदा सामान्यतः कर आकारीत नाही, शिवाय त्या देशाचे करविषयक करार अनेक देशांशी आहेत. म्हणून जगभरातील कंपन्या तेथे अशी दारे उघडतात. परंतु हे उदाहरण निर्दोष असल्यामुळेच अधिक बोलके ठरते. यात काहीही लपविलेले नसताना बल्लारपूरच्या कामगारास किंवा धानोऱ्याच्या बांबूतोड्यास त्यातील काहीही दिसत नव्हते. गुप्तता व अनाकलनीयता यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. जंगलातून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो फारसा नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथील वीजप्रकल्पाचे आहे. ताडोबालगतच्या लोहारा येथील कोळसापट्टे २००७ मध्ये ज्या प्रकल्पासाठी देण्यात आले होते व पुढे लोकविरोधामुळे आणि पर्यावरणाच्या कारणावरून जे हातचे गेले, तोच हा तत्कालीन अदानी पॉवर महाराष्ट्र कंपनीचा प्रकल्प. संयुक्त अरब अमिरातीतील मध्यस्थ कंपनीमार्फत यंत्रसामग्रीची किंमत फुगवून दाखविल्याचा आरोप ठेवून महसूल गुप्तचर संचालनालयाने २०१४ मध्ये नोटीस बजावली. २०१७ मध्ये न्यायनिर्णय अधिकाऱ्याने ती कार्यवाही रद्द केली, २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो निर्णय कायम ठेवला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सीमाशुल्क विभागाचे अपील फेटाळले. आरोप सिद्ध झाला नाही, हे अभ्यासकाने स्वच्छपणे स्वीकारावयास हवे. मध्यस्थ कंपनी असणे हाच अपराध, असे समीकरण मांडता येणार नाही. तथापि यंत्रसामग्रीची किंमत हा वीजनिर्मितीच्या खर्चाशी निगडित, म्हणून सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न असताना त्याचा निवाडा नऊ वर्षे केवळ अधिकारी व वकील यांनाच वाचता येईल अशा कागदांत चालला, हेही तितकेच खरे.

'गोपनीयता' या शब्दाची संदिग्धता

आर्थिक गोपनीयतेविषयीची आपली चर्चा मुळात एका भाषिक गोंधळाने ग्रासलेली आहे. मंत्री 'पदाची व गोपनीयतेची' शपथ घेतात तेव्हा गोपनीयता म्हणजे शासकीय माहिती उघड न करणे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जो मूलभूत हक्क मान्य केला, त्यासही आपली वृत्तपत्रे 'गोपनीयतेचा अधिकार' असेच म्हणतात. तेथे मात्र अर्थ आहे खाजगीपणा, म्हणजे व्यक्तीचे शरीर, घर, विचार व जीवनक्रम यांवरील परक्याच्या नजरेपासून संरक्षण. पहिल्या अर्थाने गोपनीयता हे सत्तेचे साधन ठरते, तर दुसऱ्या अर्थाने ती सत्तेविरुद्धची ढाल होय. दोन्हींसाठी एकच शब्द वापरल्यामुळे पहिलीने दुसरीचे कवच पांघरणे सोपे जाते.

न्यायालयांनी हा भेद नेहमी सारख्याच स्पष्टतेने केलेला नाही. राम जेठमलानी खटल्यात (२०११) सर्वोच्च न्यायालयाने परदेशातील काळ्या पैशाच्या तपासासाठी विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. त्याच निर्णयात, ज्यांच्याविरुद्ध गैरकृत्याचा आधार आढळलेला नाही अशा खातेदारांची माहिती जाहीर करणे हा त्यांच्या खाजगीपणाचा भंग ठरेल, असेही म्हटले. ही भूमिका समतोल आहे, कारण ती व्यक्तीविषयी आहे. व्होडाफोन खटल्यात (२०१२) मात्र प्रश्न कंपन्यांच्या साखळीचा होता. भारतातील मोबाइल कंपनीचे नियंत्रण केमन बेटांवरील एका कंपनीच्या समभागाच्या विक्रीतून २००७ मध्ये हस्तांतरित झाले. न्यायालयाने ही रचना खरी व ग्राह्य मानली आणि हा व्यवहार तत्कालीन भारतीय कायद्याखाली करपात्र नसल्याचे सांगितले. त्यावर शासनाने पूर्वलक्षी दुरुस्ती केली व २०२१ मध्ये ती मागे घेतली. १८९७ च्या सॉलोमन खटल्यापासून चालत आलेले 'कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती' हे तत्त्व येथे अखेरच्या टोकापर्यंत गेलेले दिसते. कायद्याने निर्माण केलेल्या या व्यक्तीला ना शरीर, ना घर. तिला खाजगीपणाची गरज कोणत्या अर्थाने असते, हा प्रश्न विचारण्याचे आपण टाळले.

युरोपातही हा पेच सुटलेला नाही. युरोपीय न्यायालयाने २२ नोव्हेंबर २०२२ रोजी लक्झेंबर्गसंबंधीच्या खटल्यात, कंपन्यांच्या अंतिम लाभधारकांची नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवणे हा व्यक्तीच्या खाजगी जीवनाच्या हक्कावरील अतिरेकी आघात ठरविला. लगोलग नेदरलँड्ससह काही देशांनी आपल्या नोंदवह्या सामान्य नागरिकांसाठी बंद केल्या. त्यानंतर 'वैध हितसंबंध' असणाऱ्यांनाच, म्हणजे प्रामुख्याने पत्रकार, संशोधक व तत्सम संस्थांना, प्रवेश देण्याचे धोरण आले. प्रश्न असा की, ज्याच्या जंगलातील बांबूवर एखादी कंपनी उभी आहे, त्या गावकऱ्याचा हितसंबंध 'वैध' म्हणून मोजला जाईल काय?

सातबारा आणि नोंदवही

या प्रश्नाची तीव्रता समजण्यासाठी वनजिल्ह्यातील सामान्य माणसाच्या आर्थिक खाजगीपणाची स्थिती पाहावी. त्याच्या जमिनीचा सातबारा कोणालाही पाहता येतो. त्यातील 'इतर हक्क' या रकान्यात कर्जाचा बोजा व धनकोचे नाव असते. म्हणजे शेतकऱ्याची मालमत्ताच नव्हे, तर त्याचा कर्जबाजारीपणाही सार्वजनिक असतो. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हजेरीपट खुले केले. मजुराचे नाव, कामाचे दिवस व मिळालेली मजुरी जगापुढे आली. भ्रष्टाचार रोखण्यासाठी हे आवश्यक होते व ग्रामीण जनतेने ते विनातक्रार स्वीकारले. सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेला तर बांबूच्या विक्रीचा हिशेब सर्वांसमक्ष द्यावा लागतो. मेंढ्यासारख्या गावाने हे बंधन स्वतःच्या विचाराने आधीच स्वीकारलेले होते.

याच्या तुलनेत कंपनीकडे पाहावे. २०१७ च्या दुरुस्तीने व २०१८ च्या नियमांनी भारतातही 'महत्त्वपूर्ण लाभधारक मालक' ही संकल्पना आली. अप्रत्यक्षपणे दहा टक्के वा अधिक हिस्सा असणाऱ्या व्यक्तीने स्वतःस जाहीर करावे असा दंडक झाला. हे पाऊल स्वागतार्ह होय. मात्र कायद्याने या नोंदवहीच्या तपासणीचा हक्क दिला तो कंपनीच्या सदस्यांना. मजुराची मजुरी सर्वांना दिसावी आणि मालकाचे नाव मात्र सहमालकांनाच पाहता यावे, या व्यवस्थेमागे कोणते तत्त्व आहे? खाजगीपणा हा जर मानवी प्रतिष्ठेचा भाग असेल, तर तो उतरंडीच्या तळाशी सर्वांत कमी व शिखराशी सर्वांत अधिक कसा?

आक्षेपांचा विचार

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पारदर्शकता ही नेहमीच दुर्बलांच्या हिताची असते असे नाही, आणि हे गडचिरोलीइतके अन्यत्र क्वचितच प्रत्ययास येईल. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदारांकडून नक्षलवादी खंडणी वसूल करीत, हे सर्वश्रुत आहे. अशा प्रदेशात कोणाकडे किती पैसा आला हे उघड होणे म्हणजे संकट ओढवून घेणे. उलटपक्षी, ग्रामसभेच्या खात्यातील पैसा कोठे गेला याविषयी शासनयंत्रणेचा संशयही गावाला छळू शकतो. बचतगटातील स्त्रीने नवऱ्याच्या नकळत बाजूला ठेवलेली रक्कम हीदेखील आर्थिक गोपनीयताच होय, आणि तिचे रक्षण झालेच पाहिजे. हुकूमशाही राजवटींतील छळापासून बचावासाठी परदेशी बँकांची गुप्तता उपयोगी पडते, हा जागतिक पातळीवरील युक्तिवादही सर्वस्वी पोकळ म्हणता येणार नाही.

हा आक्षेप मान्य करूनच उत्तर शोधावे लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन निकष लावता येतात. पहिला निकष धारकाचा. गोपनीयता मागणारी हाडामांसाची व्यक्ती आहे की कायद्याने निर्माण केलेली संस्था? दुसरा निकष साधनाचा. ज्या संपत्तीविषयी गोपनीयता मागितली जाते ती स्वकष्टार्जित, खाजगी आहे की जंगल, खनिज, पाणी यांसारख्या सार्वजनिक साधनांतून निर्माण झालेली? बचतगटातील स्त्री पहिल्या निकषाने व्यक्ती आहे व दुसऱ्या निकषाने खाजगी धनाची स्वामिनी. तिला पूर्ण संरक्षण मिळावे. वनपट्टा वा खाणपट्टा घेणारी कंपनी दोन्ही निकषांवर विरुद्ध टोकास आहे, म्हणून तिच्या मालकीची संपूर्ण साखळी, परदेशातील दुव्यांसह, पट्टा देतानाच संबंधित ग्रामसभेपुढे मराठीत व गोंडी-माडियात मांडली गेली पाहिजे. ग्रामसभा या दोहोंच्या मध्ये आहे. ती संस्था आहे व साधनही सार्वजनिक आहे, म्हणून तिचा हिशेब खुला असावा. परंतु त्यातील प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला आलेली रक्कम गावाबाहेर जाहीर करण्याची सक्ती नसावी.

पनामा पेपर्स (२०१६), पॅरडाइज पेपर्स (२०१७) आणि पँडोरा पेपर्स (२०२१) यांनी जगापुढे आणलेल्या लक्षावधी कागदांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने नट, उद्योगपती व राजकारणी यांच्या नावांभोवती फिरली. कुतूहल शमले, तशी चर्चाही शमली. नावे महत्त्वाची आहेतच. परंतु कोणत्या जंगलातून, कोणत्या खाणीतून, कोणाच्या घामातून ती संपत्ती निघाली हा उलट दिशेचा प्रवास फारसा झाला नाही. स्विस बँकेतील पैसा परत आला की प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल, हा हिशेब चौकाचौकांत मांडला गेला. तो पैसा मुळात कोणाच्या वाट्याचा होता, हे विचारले गेले नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, वनप्रदेशाविषयीच्या मराठी लेखनाने शोषणाचा स्थानिक चेहरा प्रामाणिकपणे रेखाटला, परंतु मालकीच्या दूरस्थ रचनेकडे पाहण्याची दृष्टी त्यास लाभली नाही. दोन, आर्थिक गोपनीयतेचा युक्तिवाद व्यक्तीच्या खाजगीपणाच्या नावाने केला जातो आणि त्याचा मोठा लाभ मात्र संस्थांना मिळतो. तीन, तळाच्या माणसाकडून संपूर्ण पारदर्शकतेची व शिखरावरील मालकाविषयी संपूर्ण संयमाची अपेक्षा करणारी व्यवस्था समतेच्या कोणत्याही तत्त्वावर टिकत नाही.

ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी प्रथमतः या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांची आहे. २०११ पासून येथे गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठी, वाणिज्य, अर्थशास्त्र व समाजशास्त्र हे विभाग बहुतेक महाविद्यालयांत एकाच इमारतीत भरतात. मराठीचा विद्यार्थी कादंबरीतील ठेकेदार वाचतो आणि शेजारच्या वर्गात वाणिज्याचा विद्यार्थी एकत्रित ताळेबंद शिकतो, पण दोघांची गाठ पडत नाही. जिल्ह्यात काम करणाऱ्या एकेका कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन तिच्या उपकंपन्यांचा व मालकीचा नकाशा दोन्ही वर्गांनी मिळून तयार करावा आणि तो संबंधित ग्रामसभेत वाचून दाखवावा, एवढा उपक्रम कोणत्याही मोठ्या निधीवाचून होऊ शकतो. मेंढ्याच्या अभ्यासगटाने कायदे वाचूनच आपल्या जंगलावरील हक्क ओळखला होता. त्या जंगलाचा बांबू ज्यांच्या दारी गेला, त्यांचे कागद वाचण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.